सातव्या गाण्यातला मागचा आवाज

माझ्या भावाच्या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा मी एका आजोबांच्या कानात पिवळा मसाला भरत होते. कानाचं मशीन बसवायचं तर आधी कानाचा साचा घ्यावा लागतो, आणि मसाला घट्ट होईपर्यंत माणसाने जबडा हलवायचा नसतो. आजोबा पुतळ्यासारखे बसले होते. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. आईचे सात मेसेज, मावशीचे दोन, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तर नुसता गोंधळ. सगळ्यांचं एकच : ऐकलंस का? ऐकलंस का? अगं ऐकलंस का?

आजोबांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला.

बँडचं नाव 'अर्धा डझन'. माणसं चार. मी होते तेव्हाही चारच होती, म्हणजे गणित तेव्हाही चुकलेलंच होतं. माझा धाकटा भाऊ गिटार वाजवतो आणि गाणी लिहितो. सहा फूट उंच झाला तरी घरात त्याला बारक्याच म्हणतात. गायचे मी. चार वर्षं मी गायले. लोकांच्या गच्चीवर, कॉलेजांच्या मंडपात, एकदा तर एका टाइल्सच्या दुकानाच्या उद्घाटनाला, जिथे आमच्यासमोर फक्त कमोड मांडलेले होते. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आणि हे आधीच सांगून टाकते : मला कुणी काढलं नाही. मी सोडला बँड. तीन वर्षांपूर्वी, रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी, सर्दीने नाक चोंदलेलं असताना, रेकॉर्डिस्टच्या गाद्या लावलेल्या खोलीत मी सातवं गाणं गायले होते. तेही खरं गायन नव्हे. आधी कुणीतरी कच्चं गाऊन ठेवतं, म्हणजे ड्रमवाल्याला आणि बाकीच्यांना कळतं आपण गाण्यात कुठे आहोत. मग नीट गाऊन झालं की कच्चा आवाज पुसून टाकतात. नियमच आहे तो. तर मी कच्चं गाऊन बाहेर आले आणि बारक्या म्हणाला, "ताई, उद्या थोडी लवकर येशील का? रोज तुझ्यासाठी थांबावं लागतं."

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर लोकांच्या कानात डोकं घालून मी धावतपळत येणार आणि हा मला घड्याळ दाखवणार! मी बोलत गेले, बोलत गेले, आणि शेवटी म्हणाले, "माझ्याशिवाय तुमचं पान हलणार नाही, बघाच तुम्ही." पर्स उचलली आणि जिना उतरले. खाली येऊन दहा मिनिटं उभी राहिले, कुणीतरी मागून येईल म्हणून. कुणी आलं नाही. नंतर कळलं की बारक्या आला होता, पण मागच्या जिन्याने.

तीन महिन्यांत त्यांना नवी गायिका मिळाली. पान हललं. चांगलं सळसळून हललं.

अल्बमचं नाव ठेवलं 'वाळत घातलेले दिवस'. मी म्हटलं, दिवस म्हणजे काय टॉवेल आहेत? पण म्हटलं ते मनातच, कारण ऐकायला कुणी नव्हतं. जो तो कौतुक करण्यात दंग. आमच्या क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी तर कमालच केली. "तुझ्या भावाचा ना गं? लाव की इथे!" असं म्हणून त्यांनी वेटिंग रूममधल्या स्पीकरवर अल्बम लावला. ज्या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांना ऐकू येत नाही, त्या खोलीत दिवसातून चार वेळा. ऐकत होते फक्त मी आणि रिसेप्शनवाली, आणि रिसेप्शनवाली मान डोलवत होती.

मग मी ते करायला लागले जे करू नये. मी लोकांच्या कमेंट्स वाचायला लागले.

दोन पेशंटच्या मध्ये, जेवताना, बाथरूममध्ये. 'भांडी घासताना ऐकलं, एकच कढई तीनदा घासली.' 'बसमध्ये ऐकत होतो, स्टॉप गेला, पुढच्या स्टॉपलाही उतरलो नाही.' 'आमच्या बाळाला दुसऱ्या गाण्याशिवाय झोप येत नाही.' 'माझं आणि तिचं तुटलं त्याला आज सहा महिने झाले. पाचवं गाणं ऐकून तिला फोन केला. तिने उचलला नाही, पण गाणं मस्त आहे.' एकाने लिहिलं होतं, 'हा आवाज आहे की साखर?' त्याला हजारावर लोकांनी पसंती दिली आणि त्या दिवसापासून त्या नव्या मुलीचं नावच साखर पडलं. बँडमधलेही तिला साखर म्हणायला लागले. आईसुद्धा! "काल साखर येऊन गेली गं, किती गोड पोरगी." मी म्हटलं, "आई, तुला डॉक्टरांनी गोड बंद केलंय." आई हसली. मी विनोद केला नव्हता.

मला काय हवं होतं ते सांगते, लाज सोडून. या शेकडो माणसांपैकी एकाने, फक्त एकाने विचारायला हवं होतं की आधी यांच्याकडे एक वेगळाच आवाज होता, तो कुठे गेला? बस. एवढंच शोधत मी रोज खालपर्यंत जात होते. कमोडांसमोर गायलेल्या बाईचं एवढं तरी मागणं असू नये? पण छे. मी चार वर्षं गायले आणि जगाच्या खिजगणतीतही नव्हते. अल्बमच्या पानावर आभार मानलेले होते, त्यातही मी दोनदा शोधलं. रेकॉर्डिस्ट होता, ड्रमवाल्याची गाडी होती, मांजर होतं. मांजराचं नाव होतं आणि माझं नव्हतं.

नवव्या दिवशी एका बाईची कमेंट वाचली. 'सातव्या गाण्यात शेवटाकडे मागे एक दुसरा आवाज येतो. कुणाचा आहे तो? अंगावर काटा येतो. मी तेवढ्यासाठी गाणं पुन्हा पुन्हा लावते.' त्याखाली आणखी वीसपंचवीस जणांनी 'हो हो, मलाही' केलं होतं. आणि बँडने उत्तर दिलं होतं : 'सध्या गुपित आहे. सीडीच्या कव्हरवर कळेल.' पुढे हसरा चेहरा.

माझं डोकंच फिरलं. सातवं गाणं ना? ते माझं गाणं होतं! शब्द बारक्याचे, पण चाल आम्ही दोघांनी घराच्या जिन्यात बसून बांधली होती, तिथे आवाज घुमतो म्हणून. ते गाणं मी आजवर एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं. क्लिनिकमध्ये लागलं की मी ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे कान तपासायच्या, बंद खोलीत जाऊन बसायचे. तिथे बाहेरचं काही येत नाही, त्यासाठीच ती बांधलेली आहे. त्या दिवशी मात्र उलटं केलं. फोन घेऊन आत गेले, दार लावलं, हेडफोन चढवले आणि शेवटापर्यंत ऐकलं.

साखर छानच गायली होती. हे लिहिताना माझे दात शिवशिवतात, पण गायली होती छान. आणि मग दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर मागून तो दुसरा आवाज आला. जाड, थोडा नाकातला, पुढच्या आवाजाच्या एक पाऊल मागे. आणि शेवटच्या ओळीआधी त्याने एक श्वास घेतला. छोटा, तुटका, दार उघडण्याआधी घेतात तसा.

तो माझा श्वास होता. म्हणजे माझी लकब होती ती. शाळेत असल्यापासून मी शेवटच्या ओळीआधी तसा श्वास घेते, त्यावरून बाईंनी पट्टी मारलेली आहे. साखरबाईंनी माझी जुनी रेकॉर्डिंग ऐकली, माझी लकब उचलली, स्वतःच्याच गाण्यामागे माझी नक्कल करून लावली, आणि आता कव्हरवर 'हाही आवाज आमच्या साखरेचाच बरं का' असं छापून लोकांकडून टाळ्या घेणार! माझं गाणं गेलं, आई गेली, आता श्वासही नेला. मी त्या खोलीत इतक्या जोरात ओरडले की खोली बंद होती म्हणून बरं.

मी खोटं खातं उघडलं. नाव दिलं 'जुना कानसेन'. फोटो म्हणून एका खुर्चीचा फोटो. आणि मी लिहिलं. शब्द न् शब्द पाठ आहे मला :

'सातव्या गाण्यात दोन मिनिटं चाळीसपासूनचा मागचा आवाज नीट ऐका. हा स्वतःचा आवाज नाही, उसना आहे. कुणाची तरी नक्कल आहे. शेवटच्या ओळीआधीचा श्वास मुद्दाम घेतलेला, नाटकी. नाकातून गायलं की ते दुःख होत नाही. पुढचा आवाज सरळ चाललाय आणि मागचा त्याचं बोट धरून फरफटत येतोय. स्वर किंचित उतरलेला आहे, ज्यांना कान आहेत त्यांना कळेल. एवढ्या सुंदर गाण्याला हे ठिगळ कशाला?'

'ज्यांना कान आहेत' हे टाकलं की काम होतं, हे मला धंद्यामुळे माहीत. आपल्याला ऐकू येत नाही असं कबूल करायला माणसं सात वर्षं घेतात. संध्याकाळपर्यंत चारशे पसंत्या. 'बरोबर पकडलंत, मलाही काहीतरी खटकत होतंच.' 'आता ते एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही हो!' 'कानसेनसाहेब, कान आहे बुवा तुम्हाला.' रेडिओवरच्या एका बाईने लिहिलं, 'मागच्या आवाजाशिवाय हे गाणं मिळालं तर कार्यक्रमात लावीन.' ज्या बाईच्या अंगावर काटा आला होता, तिने आपली कमेंटच काढून टाकली. मी फक्त काडी टाकली होती. रान आपोआप पेटलं.

मी इतकी आनंदात होते म्हणून सांगू! त्या आठवड्यात मला भूक लागली, झोप लागली, रिसेप्शनवालीला मी स्वतःहून चहा दिला.

त्याच आठवड्यात साचेवाले आजोबा मशीन बसवायला आले. ते निवृत्त हेडमास्तर. मी मशीन कानात बसवलं, सुरू केलं, आणि म्हटलं, "गुरुजी, काहीतरी बोला."

"काय बोलू?" गुरुजी म्हणाले आणि एकदम दचकले. मागे वळून पाहिलं. "कोण बोललं?"

"तुम्हीच."

"छे! हा माझा आवाज नाही. हा कोणीतरी डब्यात बसून बोलतोय."

हे प्रत्येकजण म्हणतो. वर्षानुवर्षं माणसाने स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलेलाच नसतो. मी त्यांना तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते. "तुमचाच आहे, गुरुजी. आधी परका वाटतो. होईल सवय."

"चाळीस वर्षं पोरांनी हा आवाज ऐकला?" गुरुजी म्हणाले. "बिचारी पोरं." आणि आम्ही दोघं हसलो.

दोन दिवसांनी सातव्या गाण्याची नवी आवृत्ती आली. मी बंद खोलीत जाऊन ऐकली. दोन मिनिटं चाळीस, एकेचाळीस, पन्नास. साखर एकटी गात होती. मागे कुणी नाही. श्वास नाही. बँडने खाली लिहिलं होतं, 'ऐकणाऱ्यांच्या सूचनांबद्दल आभार.' मी परत येताना स्वतःसाठी चप्पल घेतली, लाल, टाचेची. मी टाचेची घालत नाही.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. "अगं, सीडी छापून आल्यात. पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे आणि कव्हरवर काहीतरी चुकलंय म्हणे, सगळे इथेच बसलेत चिकटवाचिकटवी करत. तू येतेस का मदतीला? बारक्या नको म्हणतोय, पण तू ये."

काहीतरी चुकलंय म्हणे! मला माहीत होतं काय चुकलंय. सातव्या गाण्याखाली छापलं असणार, मागचा आवाज : साखर. आता ते झाकायला पट्ट्या. म्हटलं, हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. लाल चप्पल घालून गेले.

घरात जेवणाच्या टेबलावर कव्हरांचे गठ्ठे होते. एका बाजूला बारक्या, एका बाजूला साखर. बाकीचे दोघे स्पीकर आणायला गेले होते. पांढऱ्या चिकटपट्ट्या कापून एका ताटात ठेवलेल्या, आणि दोघं खाली मान घालून कव्हराच्या मागच्या बाजूला एकेक पट्टी चिकटवत होते. मी आत गेले तसा बारक्याने समोरचा गठ्ठा उपडा घातला. साखरेचे डोळे लाल होते. मला ते पाहून बरं वाटलं. काय सांगू, खरंच बरं वाटलं.

"काय गं, काय झालं?" मी म्हटलं, अगदी मायेने. "नावात काही गडबड का? होतं असं. लोक काय, काहीही लिहितात. मनाला लावून घेऊ नये."

साखर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला कळलं?"

"अर्थात कळलं. मी वाचते सगळं."

"मी नको म्हणत होते काढायला," साखर म्हणाली. "खरंच. मी भांडले यांच्याशी."

"स्वतःचं काढायला कोण हो म्हणेल?" मी खुर्ची ओढली. "दे, मीही लावते. किती आहेत?"

"दोनशे. निम्म्याच्या वर राहिल्यात," बारक्या म्हणाला. "ताई, तू राहू दे. तू आईकडे जा आत."

"अरे, चार हात लागले तर लवकर होईल." मी उपडा घातलेला गठ्ठा माझ्याकडे ओढला, वरचं कव्हर उचललं आणि उलटं केलं. गाण्यांची यादी होती. सातव्या गाण्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. मला आता जवळचं दिसत नाही, म्हणून मी हात लांब करून वाचली.

'मागचा आवाज : ताई. पहिल्यापासून आमचीच.'

मी ती पुन्हा वाचली. आत आई ते गाणं गुणगुणत होती, चुकीच्या चालीत.

"तू म्हणालीस तुला कळलं," बारक्या म्हणाला.

"ताई म्हणजे कोण?"

"ताई म्हणजे तू. अजून कोण?" तो चिडलाच. "तुझा कच्चा आवाज रेकॉर्डिस्ट पुसायचा विसरला होता. तीन वर्षं तसाच पडून होता. हिला गायला बसवली तेव्हा चुकून तो हिच्या हेडफोनमध्ये चालू राहिला. ही म्हणाली, बंद करू नका."

"मी तुमच्या आवाजाला धरून गायले," साखर म्हणाली. "ते गाणं मला येतच नव्हतं, ताई. दहा वेळा चुकलं. मग तुम्ही कानात गात होता आणि मी तुमच्या मागे मागे गेले. पुढचा आवाज माझा आहे, पण खरं तर मागे मीच आहे."

"मग तो काढवेना," बारक्या म्हणाला. "शेवटाला तुला ठेवली. ठरवलं होतं, कुणाला सांगायचं नाही. शनिवारी तुला बोलवायचं, स्टेजवर पहिलं कव्हर तुझ्या हातात द्यायचं. तीन वर्षं तुला सॉरी म्हणायचं होतं. तोंडाने म्हटलं असतं तर तू भांडली असतीस."

भांडलेच असते.

"लाव," मी म्हटलं. "जुनं लाव. मला ऐकायचंय."

त्याने लॅपटॉपवर लावलं. दोन मिनिटं चाळीसला तो आवाज आला. नाकातला, जाड, एक पाऊल मागे. मी कान देऊन ऐकलं. रोज माणसांना ऐकायला शिकवते मी, पदवी आहे माझ्याकडे त्याची.

"हा माझा आवाज नाही," मी म्हटलं.

"तुझाच आहे गं."

श्वास आला. शेवटची ओळ आली. स्वर उतरलेला नव्हता. जराही नव्हता. ते मी असंच लिहिलं होतं, वजन यावं म्हणून.

गाणं संपलं. बारक्याने लॅपटॉप मिटला. "लोकांना आवडत होता गं तुझा आवाज. कितीजण विचारत होते, हा कोण म्हणून. मी रोज वाचायचो, म्हणायचो, अजून चार दिवस थांबा, सांगतो. आणि मग तो कानसेन आला." त्याने एक पट्टी उचलली आणि ती बोटांनी गोल गोल गुंडाळत राहिला. "त्याने असं लिहिलं ना, की मला वाटलं याला कळतंय. आपल्याला बहिणीचा म्हणून गोड लागतोय. नंतर मलाही तसंच ऐकू यायला लागलं. नाटकी. फरफटत येणारा. मी काढून टाकला. तुला बोलणार नव्हतो. तुला वाटलं असतं आम्हाला तू नकोच होतीस." त्याने ती पट्टी टेबलावर टाकली. "एकदा भेटायचंय मला त्या माणसाला. काय मिळालं त्याला, एवढंच विचारायचंय."

मी गप्प राहू शकले असते. खुर्चीचा फोटो लावलेला माणूस कुणाला सापडणार होता? मी कव्हराला हात लावून बसले होते. साखरेने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तो माणूस जळत असेल कुणावर तरी." इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला तिचा पुन्हा राग आला. सगळं समजतं म्हणे हिला. आणि खरंच समजलं होतं.

"मीच," मी म्हटलं.

"काय मीच?"

"कानसेन. मी लिहिलं ते. मला वाटलं, ही माझी नक्कल करतेय."

बारक्या हसला. त्याला वाटलं मी त्याला हसवायला बोलतेय. लहानपणी तो रडायला लागला की मी असंच काहीतरी खोटं कबूल करायचे, काच मी फोडली, दूध मी सांडलं. मी फोन काढला, ते खातं उघडलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्याने पाहिलं. खुर्चीचा फोटो पाहिला. ती क्लिनिकमधली खुर्ची आहे, त्याच्या कानांची तपासणी मी तिच्यावरच बसवून केली होती. मग तो वाचत गेला, खालपर्यंत, चारशे पसंत्यांपर्यंत, आणि त्याचं हसू गेलं.

मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं त्याने. मी ओरडण्याला ओरडून उत्तर देऊ शकते, त्यात मी कुणाला हार जात नाही.

"गाणं बदलता येईल परत?" मी विचारलं. "मी लिहिते ना तिथे. मी सांगते मी चुकले, तो आवाज चांगला आहे, मी..."

"आता काय चांगला सांगणार?" बारक्या म्हणाला. "आता सगळ्यांना तो तसाच ऐकू येतो. मलाही येतो, ताई. आत्ता लावला तेव्हाही आला."

तो उठला. साखरही उठली. त्याने पट्ट्यांचं ताट उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. उरलेला गठ्ठाही सरकवला, कडा जुळवून, नीट.

"मग उरलेल्या तूच लाव," तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी पट्टी उचलली. ओळ बारीक होती आणि पट्टी तेवढ्याच लांबीची कापलेली, जरा वाकडी बसली की एका टोकाने 'आमचीच' बाहेर यायचं. मग ती काढून पुन्हा लावावी लागायची. पहिल्या दहा-बारा वाकड्या गेल्या. नंतर हात बसला.

आई आतून चहा घेऊन आली. गॅलरीतल्या बारक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघ," ती साखरेला म्हणाली, "भांडतात किती, पण भावाचं काम निघालं की ही आधी धावत येते."

मी पुढचं कव्हर घेतलं. अजून शंभरेक होती.